विमानाची हद्द: कागदावरची आणि हवेतली

स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, फक्त मिक्सर तेवढा दहा मिनिटांनी लावा.

आजचा विषय तुमच्यातल्याच एका गटाने दिलेला आहे. त्या गटातल्या पाच जणी प्रदर्शनासाठी दिल्लीला जाऊन आल्या. जाताना रेल्वे, येताना विमान, आणि पाचही जणींचा तो पहिलाच विमानप्रवास. त्यांनी लिहिलंय, "बाई, विमान वळायला लागलं तेव्हा एका बाजूला एवढं झुकलं की खिडकीतून थेट खालची शेतं दिसायला लागली. आमच्यातल्या एकीने डोळे मिटून घेतले. विमान किती कलंडलं तर चालतं? ही हद्द कोण ठरवतं? आणि ठरवलेली हद्द खरी असते का?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याचं सोपं नाही, म्हणून आजचा बराचसा वेळ त्यालाच देणार आहे.

आधी विमान वळतं कसं ते बघू. आपल्याला वाटतं, होडीला मागे सुकाणू असतं तसं विमानाच्या शेपटीला असणार, ते फिरवलं की विमान वळणार. शेपटीवर जो उभा पंख दिसतो, त्याच्या मागच्या कडेला एक हलणारी फळी असते. तिला रडर म्हणतात. दिसायला ती सुकाणूच आहे. पण विमान वळवायचं मुख्य काम तिचं नाही. विमान वळतं ते सायकलसारखं, वळायच्या बाजूला अंग झुकवून. दोन्ही पंखांच्या टोकांजवळ, मागच्या कडेला छोट्या फळ्या असतात, त्यांना ऐलरॉन म्हणतात. डावीकडे वळायचं तर डावी फळी वर जाते आणि उजवी खाली. मग डावा पंख खाली दबतो, उजवा उचलला जातो आणि विमान डावीकडे कलतं. पंखांची जी ताकद विमानाला वर उचलून धरत होती, तीच आता थोडी डावीकडे ओढायला लागते. विमान वळतं ते या ओढीने.

म्हणजे त्या ताईने डोळे मिटले, तेव्हा विमान पडत नव्हतं, नेमकं वळत होतं. प्रवासी विमान साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत कलवतात. ३० अंश कललं की आपलं वजन सुमारे सव्वा नाही, तर १.१५ पट लागतं. साठ किलोच्या बाईला आपण एकोणसत्तर किलोच्या झालो असं वाटेल, एवढंच. ६० अंश कलवून उंची तशीच राखली, तर वजन बरोबर दुप्पट लागेल. आणि वळण नीट घेतलेलं असेल तर पेल्यातलं पाणी सांडत नाही. पाणी भरलेली बादली गोल फिरवली तरी सांडत नाही ना, तसंच.

मग रडर कशाला? दोन कामांसाठी. धावपट्टीवर धावताना आडवा वारा आला तर विमान सरळ ठेवायला, आणि एका बाजूचं इंजिन बंद पडलं तर. एकच इंजिन चालू असेल तर विमानाचं नाक बंद इंजिनाकडे वळत राहतं. एक बैल थांबला की गाडी त्याच्या बाजूला फिरते, अगदी तसं. ती फिरणी रोखायला रडर मोठं आणि ताकदवान ठेवावं लागतं. ते चालतं पायाने. वैमानिकाच्या पायाशी दोन पेडलं असतात, उजवं दाबलं की नाक उजवीकडे, डावं दाबलं की डावीकडे. बाकी हवेत असताना वैमानिकाचे पाय बहुधा निवांत असतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढच्या दोन्ही घटना तिच्यावरच उभ्या आहेत. नाक वळवणं आणि विमान कलवणं या दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या तरी हवेत त्या वेगळ्या राहत नाहीत. रडरने नाक डावीकडे ढकललं की उजवा पंख पुढे येतो. प्रवासी विमानांचे पंख मागे झुकलेले असतात, त्यामुळे पुढे आलेल्या पंखाला वारा जास्त सरळ मिळतो आणि तो जास्त उचलला जातो. म्हणजे ऐलरॉनला हात न लावता विमान डावीकडे कलायला लागतं. ही दोन कामं म्हणजे एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या दोघी जावा. एकीने फुंकर घातली की दुसरीचं दूध उतू जातं.

पहिली घटना अमेरिकेतली, पिट्सबर्ग शहराजवळची. तारीख ८ सप्टेंबर १९९४. यूएसएअर कंपनीचं बोईंग ७३७ विमान संध्याकाळी उतरायच्या तयारीत होतं. हवा स्वच्छ होती. उंची सुमारे सहा हजार फूट, वेग १९० नॉट, म्हणजे ताशी साधारण ३५० किलोमीटर. पुढे काही मैलांवर दुसरं विमान गेलेलं होतं. विमान गेलं की मागे हवेचे भोवरे राहतात. धुळीच्या रस्त्याने एसटी गेली की मागे धूळ गरागरा फिरते, ती हवा तशीच समजा. हे विमान त्या भोवऱ्यात शिरलं आणि थोडं डगमगलं. यात विशेष काही नव्हतं. पण त्याच क्षणी नाक डावीकडे वळू लागलं ते थांबेचना. विमान डावीकडे कलत गेलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत जमिनीवर आदळलं. १३२ माणसं गेली. कोणी वाचलं नाही.

असंच एक ७३७ विमान ३ मार्च १९९१ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे पडलं होतं, त्यात २५ माणसं गेली होती. त्याचं कारण तेव्हा सापडलं नव्हतं. पिट्सबर्गचा तपास साडेचार वर्षं चालला. विमानाच्या काळ्या पेटीत रडर कुठे होतं याची नोंदच नव्हती, इतर नोंदींवरून गणितं करत जावं लागलं.

शेवटी संशय गेला तो रडर हलवणाऱ्या यंत्रातल्या एका झडपेवर. ही झडप हातात मावेल एवढी. तिच्यात एक नळी, नळीत दुसरी नळी, अशी रचना. का, तर एक अडकली तरी दुसरीने काम चालावं. सुरक्षेसाठीच केलेली सोय. पण खूप गार पडलेल्या झडपेत एकदम गरम तेल सोडून बघितलं, तेव्हा बाहेरची नळी अडकली आणि आतली ठरल्यापेक्षा पुढे सरकली. तेल उलट्या वाटेने गेलं. म्हणजे वैमानिक उजवं पेडल दाबतोय आणि रडर डावीकडे जातंय. तो जितक्या जोराने दाबेल तितकं ते उलट्या बाजूला धरून बसणार.

तुम्ही म्हणाल, रडर बिघडलं तर बिघडलं, ऐलरॉन तर होते ना? डावीकडे कलतंय, तर ऐलरॉन पूर्ण उजवीकडे फिरवायचे. बरोबर आहे, कागदावर तसंच होतं. रडर पूर्ण एका बाजूला गेलं तरी ऐलरॉन त्याला सावरतील असं धरलेलं होतं. पण ते सावरणं वेगावर अवलंबून असतं. वेग जास्त असेल तर ऐलरॉन भारी पडतात. वेग कमी होत गेला की एक अशी पायरी येते की दोघं समसमान होतात. त्या पायरीच्या खाली गेलात की रडर जिंकतं, मग ऐलरॉन पूर्ण फिरवून धरले तरी विमान कलतच राहतं. ७३७ च्या त्या स्थितीत ही पायरी होती साधारण १९० नॉटच्या आसपास. विमान नेमकं त्याच पायरीवर उभं होतं. त्यात नाक वर ओढलं की पंखांवर आणखी भार येतो आणि ही पायरी आणखी वर सरकते. विमान खाली चाललंय म्हटल्यावर कोणता माणूस नाक वर ओढणार नाही? आणि हा वेग त्या काळी वैमानिकांना शिकवलेला नव्हता.

याच्या उलट उदाहरणही आहे. ९ जून १९९६ ला ईस्टविंड कंपनीचं ७३७ रिचमंड शहराकडे जात असताना असंच एकाएकी एका बाजूला ओढलं गेलं. पण त्याचा वेग सुमारे २५० नॉट होता. ऐलरॉन पुरून उरले, विमान सुखरूप उतरलं आणि वैमानिक जिवंत राहिल्याने नेमकं काय जाणवलं ते सांगता आलं. तपासाला मोठा आधार मिळाला तो त्याचा. बिघाड तसाच होता, फरक फक्त साठ नॉटचा. पुढे झडप बदलली, मग रडरची सगळी यंत्रणाच नव्याने करायचा हुकूम निघाला आणि वैमानिकांना ही वेगाची पायरी शिकवली जाऊ लागली.

दुसरी घटना मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिच्यात बिघाड असा कशातच नव्हता.

१२ नोव्हेंबर २००१. न्यूयॉर्कमधले दोन उंच मनोरे पाडले गेले त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. सकाळी सव्वानऊच्या सुमारास न्यूयॉर्कहून अमेरिकन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० जातीचं विमान सान्तो डोमिंगोला निघालं. सान्तो डोमिंगो ही डोमिनिकन रिपब्लिक या छोट्या देशाची राजधानी. तिथली पुष्कळ माणसं न्यूयॉर्कमध्ये कामाला असतात. आपल्याकडे मुंबईहून गावी जाणारी रात्रीची गाडी असते ना, तशी ही त्यांची गावची गाडी. पोरंबाळं, म्हातारी माणसं, नातेवाइकांसाठी घेतलेल्या वस्तू. विमानात २६० माणसं होती. उडाल्यावर दोन-तीन मिनिटांत ते बेल हार्बर नावाच्या वस्तीवर कोसळलं. २६० जण गेलेच, खाली घरांतले पाच जणही गेले. मनोऱ्यांच्या दुर्घटनेत त्याच वस्तीतल्या अनेक घरांतले अग्निशामक दलाचे जवान गेले होते. त्यांच्यावर पुन्हा हे आलं.

सगळ्यांना वाटलं, हाही हल्लाच. पण विमानाची शेपटी, तो उभा पंख, अपघाताच्या जागेपासून दूर खाडीच्या पाण्यात सापडला, बहुतेक अखंड. सुमारे २७ फूट उंचीचा पंख हवेतच मुळापासून निखळला होता. बाकी विमान नंतर पडलं.

तो का निखळला ते समजायला आधी पत्र्यावर, दोरावर, पंखावर जी हद्द लिहिलेली असते ती ठरते कशी ते बघावं लागेल. विमानाच्या प्रत्येक भागावर आयुष्यात जास्तीत जास्त किती भार येईल याचं गणित मांडतात. तो भार त्या भागाने कायमचा वाकल्याशिवाय पेललाच पाहिजे. मग त्याच्या दीडपट भार लावून बघतात, तोही तीन सेकंद तरी पेलला पाहिजे. दीडपट म्हणजे आपण म्हणतो तसं, चार माणसांचा स्वयंपाक सांगितला तर सहांना पुरेल एवढं करायचं.

आता प्रश्न असा की "जास्तीत जास्त भार" हा आकडा आला कुठून? रडरच्या बाबतीत नियम असा होता: विमान सरळ उडतंय, वैमानिकाने एक पेडल एकदम पूर्ण दाबलं आणि धरून ठेवलं. नाक एका बाजूला झोकांडलं, थोडं जास्त गेलं, परत येऊन स्थिरावलं. मग पेडल सोडलं. बस. एवढ्या हालचालीत येणारा भार धरायचा. उजवं पूर्ण दाबून लगेच डावं पूर्ण दाबलं, पुन्हा उजवं, पुन्हा डावं, तर काय? हा प्रश्न नियमाने विचारलेलाच नव्हता. आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात कुठून येणार?

वैमानिकांना मात्र एक वेग शिकवलेला असे. त्या वेगाच्या खाली असाल तर पेडल, दांडा पूर्ण फिरवले तरी विमान मोडणार नाही, अशी सर्वांची समजूत होती. या विमानासाठी तो वेग होता २७० नॉट. अपघाताच्या वेळी विमान २५० नॉटच्या आसपास होतं. म्हणजे कागदावर ते सुरक्षित हद्दीच्या आत होतं.

नागपंचमीचा झोका आठवा. झाडाला दोर बांधलाय, फळीवर एक जण बसलीय. एकदा जोरात ढकललं तर झोका एका उंचीपर्यंत जातो आणि हळूहळू थांबतो. पण तो परत यायला लागला की त्याच्याच दिशेने पुन्हा ढकलायचं, पलीकडे उभ्या मैत्रिणीनेही तसंच करायचं. चार-पाच वेळा असं केलं की झोका फांदीला टेकेल एवढा वर जातो. प्रत्येक ढकल तेवढीच होती. ताल जुळला म्हणून जोर साठत गेला.

विमानाच्या शेपटीचं तसंच झालं. उजवं पेडल दाबलं की रडरमुळे शेपूट डावीकडे जाते, नाक उजवीकडे. नाक तिरकं झालं की समोरचा वारा उभ्या पंखावर डावीकडून आदळतो आणि त्याला उजवीकडे ढकलतो. म्हणजे रडरचा जोर एकीकडे, वाऱ्याचा दुसरीकडे, दोघं एकमेकांना काटतात. नियमातलं गणित या स्थितीचं होतं. पण नाक असं तिरकं असतानाच डावं पेडल पूर्ण दाबलं तर? आता रडरचा जोरही उजवीकडे, वाऱ्याचाही उजवीकडे. दोन्ही एकाच बाजूला. आणि विमान आता आधीपेक्षा जास्त वेगाने उलट झोका घेतं. मग पुन्हा उलट पेडल. त्या सकाळी सात सेकंदांच्या आत रडर असं एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पाठोपाठ गेलं. उभ्या पंखावरचा भार गणितातल्या हद्दीच्या जवळजवळ दुप्पट झाला. तो दीडपटीसाठी बनवलेला होता. तपासात हे स्पष्ट झालं की पंखात खोट नव्हती, उलट बनवला होता त्यापेक्षा जास्तच त्याने सोसलं.

पण वैमानिकाने असं का केलं? विमान चालवत होता तो सहवैमानिक. पुढे जपानचं एक प्रचंड बोईंग ७४७ उडालं होतं, त्याच्या भोवऱ्यात हे विमान शिरलं. भोवरा साधाच होता, थोडी ऐलरॉन फिरवली असती तरी पुरलं असतं. त्याने जोरात रडर वापरलं. तपास मंडळाने २००४ साली निकाल दिला तेव्हा पहिलं कारण हेच लिहिलं, सहवैमानिकाने गरज नसताना रडर अवाजवी वापरलं. बातमीही तेवढीच छापून आली. पण निकाल तिथे संपत नाही. त्यात आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत आणि माझ्या मते त्या पहिलीइतक्याच वजनदार आहेत.

एक म्हणजे पेडल. शिलाई मशीन चालवणाऱ्या मैत्रिणींना हे चटकन कळेल. मोटार लावलेल्या मशीनचं पेडल किती दाबलं की सुई किती पळते याची पायाला सवय असते. समजा कापड बदललं की पेडलची चाल आपोआप बदलणारी मशीन तुम्हाला दिली, तर? या विमानात वेग वाढला की रडर कमी फिरावं म्हणून सोय होती, ती योग्यच. पण ती अशी होती की पेडलच कमी हलायचं. १६५ नॉट वेगाला पेडल पूर्ण दाबायला सुमारे १० सेंटीमीटर चाल आणि तीस किलोच्या आसपास जोर लागायचा. २५० नॉटला चाल उरायची फक्त सुमारे ३ सेंटीमीटर, जोर साडेचौदा किलो. त्यातले दहा किलो तर पेडल जागचं हलायलाच लागायचे. म्हणजे हललं की अजून चार-साडेचार किलोत थेट टोकाला. याच विमानाच्या जुन्या जातीत मात्र जास्त वेगाला पेडल दाबायला पुष्कळ जास्त जोर लागत असे. घाबरलेल्या माणसाचा पाय तीन सेंटीमीटरमध्ये अर्ध्यावर थांबेल अशी अपेक्षा कोणी करावी?

दुसरी गोष्ट प्रशिक्षण. पिट्सबर्गसारख्या अपघातांनंतर कंपन्यांनी वैमानिकांना शिकवायला सुरुवात केली की विमान कलंडलं तर सावरायचं कसं. हेतू चांगला होता. या कंपनीच्या वर्गात रडरच्या वापरावर भर होता. नकली विमानात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, भोवऱ्याचा सराव देताना ते विमान मुद्दाम प्रचंड कलंडवायचे आणि काही सेकंद वैमानिकाची हालचाल लागूच होऊ द्यायचे नाहीत. का, तर सावरायचा सराव मिळावा म्हणून. पण शिकणाऱ्याच्या मनात काय ठसलं? भोवरा आला की विमान उलटंच होतं आणि थोडक्याने भागत नाही. खऱ्या हवेत एवढ्या मोठ्या विमानाला भोवरा तसं करत नाही. मनाने शिकलेलं पायात उतरलं.

आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं असंही नाही. मे १९९७ मध्ये याच कंपनीच्या याच जातीच्या विमानाच्या बाबतीत फ्लोरिडाजवळ रडर असंच दोन्हीकडे गेलं होतं. ते विमान सुखरूप उतरलं. त्याच्या उभ्या पंखावर हद्दीबाहेर भार आला होता हे पुढे गणितातून निघालं, आणि नव्या अपघातानंतर तो पंख बारकाईने तपासला तेव्हा आत इजा सापडली. त्याच १९९७ सालात विमान बनवणाऱ्या कंपन्यांच्या आणि सरकारी खात्याच्या जाणकारांनी या विमान कंपनीला पत्र लिहून रडरवर एवढा भर नको असं कळवलंही होतं. पत्र गेलं, पण त्यातली काळजी विमान चालवणाऱ्याच्या पायापर्यंत पोचली नाही. पत्रं फायलीत जाऊन बसतात हे आपल्याला काही कोणी नव्याने सांगायला नको.

अपघातानंतर विमान बनवणारी कंपनी म्हणत होती, प्रशिक्षण चुकलं. विमान चालवणारी कंपनी म्हणत होती, पेडलची रचना चुकली. दोन्ही मोठ्या कंपन्या, दोघींकडे वकील, दोघींकडे अभियंते. सहवैमानिक आपली बाजू सांगायला उरलाच नव्हता. आपण रडर असं वापरलं तर शेपूट तुटू शकते, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याच्या एकट्याच्या माथी खापर फोडायला माझं मन तयार नाही.

मग झालं काय? तपास चालू असतानाच २००२ च्या सुरुवातीला सगळ्या वैमानिकांना सांगितलं गेलं की सुरक्षित वेग म्हणजे काहीही करायची मुभा नाही. २०१० पासून अमेरिकेच्या नियमानुसार विमानाच्या पुस्तकात स्पष्ट लिहावं लागतं की या वेगाच्या खाली असलात तरी एकाच दिशेची मोठी हालचाल पुन्हा पुन्हा उलटसुलट करू नका, आणि दोन दिशांच्या हालचाली एकदम पूर्ण टोकाला नेऊ नका, विमान मोडू शकतं. आणि २०२२ मध्ये तिथे नियम झाला की यापुढे नव्याने रचल्या जाणाऱ्या प्रवासी विमानांनी पेडल पूर्ण एका बाजूला आणि मग पूर्ण दुसऱ्या बाजूला दाबल्यावर येणारा भारही पेलला पाहिजे. जो प्रश्न नियमात नव्हता, तो आता आला. मधे एकवीस वर्षं गेली. आणि तोही एकदा उलटण्यापुरताच आहे, पाच वेळा उलटण्याचा नाही. म्हणजे पाय आवरायचं शिकवणं अजूनही लागतंच.

दिल्लीहून आलेल्या ताईंना आता एवढं सांगते. विमान वळताना झुकतं तेव्हा ते ऐलरॉनचं काम असतं, रोजचं, आणि हद्दीच्या खूप आत. पुढच्या वेळी पंखाच्या मागच्या बाजूची खिडकी मिळाली तर वळण सुरू होताना पंखाच्या कडेकडे बघा. एक छोटी फळी हळूच वर उचललेली दिसेल, पंखाच्या पाठीवरच्या एक-दोन पट्ट्याही उघडतील. वळण संपलं की सगळं पुन्हा मिटतं. रडर खिडकीतून दिसत नाही, ते मागे असतं. विमानतळावर काचेतून उभी विमानं दिसतात तेव्हा शेपटीकडे बघा, उभ्या पंखाच्या मागच्या कडेला वरपासून खालपर्यंत सांध्याची रेघ दिसेल. त्या रेघेमागचा भाग म्हणजे रडर.

आणखी एक प्रश्न आलाय, विमानात कानाला दडे का बसतात आणि लहान बाळाला त्या वेळी काय द्यावं. तो पुढच्या बुधवारी घेऊ. तुमचे प्रश्न नेहमीसारखे गटाच्या सचिवाकडे लिहून द्या किंवा केंद्राच्या फोनवर आवाज भरून पाठवा. बरं, आता मिक्सर लावायला हरकत नाही.